गाईसारखी उठणारी गाडी

माझा कमरेतला मणका मोडला तो नागपुरात आमच्या नंदनवनातच, घरापासून हाकेच्या अंतरावर. पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता नुसता मुरूम टाकून बुजवला होता आणि वरून टँकर जाऊन जाऊन तो खचला होता. स्कूटीचं पुढचं चाक आत गेलं आणि मी बसल्या जागी जमिनीवर आदळले. रक्त नाही, साधं खरचटलंही नाही. फक्त उठता येईना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. एक मणका पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झाला होता.

मी सावनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. कॉलेज गावाच्या पलीकडे, कोळशाच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आधी रोज बसनं जायचे. मणक्यानंतर कित्येक महिने पलंगावर गेले, मग कमरेला पट्टा बांधून घरातल्या घरात फिरणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, शिकवायला हरकत नाही, उभं राहा, बसा, थोडं चाला. धक्का मात्र नको.

पण नागपूर ते सावनेर धक्क्याशिवाय कसं जाणार? एकदा सहकारी बाईंच्या गाडीतून गेले. चांगली नवी गाडी, बाई सांभाळून चालवत होत्या. मानकापूरपर्यंत मी दात आवळून बसले, पुढे गप्पा बंद झाल्या, आणि कॉलेजच्या फाटकाशी मला धरून उतरवावं लागलं. त्या दिवशी मी स्टाफरूमच्या बाकावर आडवी पडून राहिले आणि तास दुसऱ्यांनी घेतले. रजा संपली होती. बिनपगारीचे दिवस सुरू झाले होते. राजीनाम्याचा शब्द घरात कोणी काढत नव्हतं, पण तो सगळ्यांच्या जिभेवर होता.

नवऱ्याचं नंदनवनातच चष्म्याचं दुकान आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, तेव्हापासूनची ओळख. माणूस शांत. बारीक स्क्रू, बारीक पेचकस, तुटलेल्या दांड्या यांत त्याचा दिवस जातो. गिऱ्हाइकाचा चष्मा नाकावर नीट बसेपर्यंत तो दहादा काढून दहादा वाकवेल, पण चिडणार नाही. माझ्या मणक्यात मात्र त्याला काही वाकवता येत नव्हतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं. रात्री कूस बदलताना मी कण्हले की तो उठून बसायचा, पाणी आणायचा, आणि मी पाणी नको म्हटलं की ग्लास हातात धरून तसाच उभा राहायचा.

त्याच्या दुकानात प्रताप नगरचे एक म्हातारे गृहस्थ चष्म्याला यायचे. निवृत्त इंजिनिअर, उमेदीची बरीच वर्षं मोरोक्कोत काढलेले. परत येताना त्यांनी तिथली आपली फ्रेंच गाडी जहाजातून आणली होती. माझी हकीकत ऐकून ते नवऱ्याला म्हणाले, "बाईंना एकदा माझ्या गाडीत बसवून पाहा."

तो घरी आला तो हेच घेऊन. "एकदा बसून तर बघ. नाही जमलं तर परत येऊ."

प्रताप नगरात त्यांच्या फाटकाच्या आत ती गाडी उभी होती. उभी कसली, बसली होती. लांबलचक, राखाडी, पोट जमिनीला टेकलेलं. म्हाताऱ्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि थोड्या वेळानं गाडी उठली. आधी मागचा भाग वर आला, मग पुढचा. अगदी गाय उठते तशी. नवरा माझ्याकडे बघून हसला. कित्येक महिन्यांत तो तसा हसला नव्हता.

"हिला स्प्रिंगा नाहीत," म्हातारे म्हणाले. "चार चाकांवर चार लोखंडी गोळे आहेत. आत गॅस आणि तेल. गाडी त्याच्यावर तरंगते."

स्टिअरिंग डावीकडे होतं. मला त्यांनी पुढे उजवीकडे बसवलं, एरवी जिथे ड्रायव्हर बसतो तिथे. गल्लीच्या टोकाला एक उंच स्पीडब्रेकर होता, रंग नसलेला, कोणीतरी आपल्या मनानं बांधलेला. तो जवळ आला तशी मी सीटच्या कडा धरल्या आणि कळेची वाट बघितली. गाडी थोडी वर गेली, थोडी खाली आली. कळ आलीच नाही. पुढचा खड्डा गेला, गटाराचं झाकण गेलं. मला रडू यायला लागलं. म्हाताऱ्यांना वाटलं दुखलं, त्यांनी घाईनं गाडी थांबवली. मी हातानंच खुणावलं, चालवा, चालवा.

गाडी आम्हाला त्यांनी एका जुन्या मोटरसायकलच्या भावात दिली. मुलं परदेशात, घेणारं कोणी नव्हतं आणि भंगारात द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. जाताना एवढंच म्हणाले, "हिचं तेल बघत जा. हिचं सगळं तेलावर आहे. उठणं, वळणं, थांबणं."

पुढच्या सोमवारपासून आम्ही सावनेरला जायला लागलो. माझं कॉलेज सकाळचं. तो मला सोडायचा, दुपारपर्यंत तिथेच थांबायचा, आणि मला घेऊन परत यायचा. एवढ्या लांब दोन फेऱ्यांचं पेट्रोल परवडण्यासारखं नव्हतं. दुकान आता दुपारनंतर उघडायला लागलं.

गल्लीत बातमी पसरली ती वेगळीच. शेजारचे एकजण फाटकाशी थांबून म्हणाले, "जयभीम वहिनी, क्लेम मोठा मिळाला वाटते?" क्लेम कसला, रस्ता कोणी खोदला हेसुद्धा कोणी सांगायला तयार नव्हतं. सासूबाई ऐकत होत्या. घरात येऊन म्हणाल्या, "लोकायले वाटून राहिलं आपल्याले लॉटरी लागली. आता उद्यापासून वर्गणीवाले दुप्पट मागतीन." आणि तसंच झालं. जयंतीच्या वर्गणीला मुलं आली तेव्हा आमच्या नेहमीच्या आकड्याकडे बघून ती गाडीकडे बघायला लागली. पण सासूबाईंना गाडी मनातून आवडली होती. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि ही गाडी थांबल्यावर खाली बसायची. पौर्णिमेला विहारात जाताना त्या पांढरं लुगडं नेसून मागच्या सीटवर मधोमध बसत आणि ओळखीचं कोणी दिसलं तर काच खाली करायला लावत.

सावनेर सोडून खाणीच्या रस्त्याला लागलं की माझं काम सुरू व्हायचं. रस्ता दुपदरी, कोळशाचे ट्रक रांगेनं. ड्रायव्हर डावीकडे असला की पुढच्या ट्रकच्या पलीकडचं त्याला काहीच दिसत नाही. दिसायचं ते मला. मी मान काढून बघायची. "थांब. थांब. बस येऊन राहिली... आता ये." मी 'ये' म्हटलं की तो गाडी बाहेर काढायचा, समोर काय आहे ते स्वतः न बघता. पहिल्या वेळी रस्ता मोकळा असूनही मी दोनदा 'थांब'च म्हटलं होतं. मग सवय झाली. पलंगावर पडून राहिलेल्या त्या महिन्यांत मी कोणाच्या काही उपयोगाची नव्हते. आता रोज सकाळी एक माणूस माझ्या शब्दावर ट्रकच्या पुढे जात होता. ते दिवस चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे.

मग गाडीनं आपलं खरं वय दाखवायला सुरुवात केली.

नागपुरात त्या गाडीचा एकही सुटा भाग मिळत नाही. नवऱ्यानं सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायला घेतलं. भाषा फ्रेंच, हा फक्त हात बघायचा. गोळ्यांमधला गॅस उतरला की गाडी दगड होते, हे त्याला तिथूनच कळलं. गॅस कुठे भरायचा? शेवटी खाणीच्या रस्त्यावरच एक वर्कशॉप सापडलं. तिथे दगड फोडणाऱ्या मशिनींमध्ये असाच गॅस भरत. त्यांनी हसत हसत याचे गोळे भरून दिले. तेलाचं मात्र जमेना. हिरव्या रंगाचं एक विशिष्ट तेल लागायचं, ते बाहेरून मागवायचं म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. याच्या बदल्यात मशिनीचं एक तेल चालतं असं कोणी म्हणायचं, त्यानं आतली रबरं खराब होतात असं दुसरा कोणी म्हणायचा. त्यानं स्वस्तातलं घातलं. दुसरं काय करणार होता?

माझे तास चालू असताना तो कॉलेजच्या आवारात लिंबाखाली गाडीखाली आडवा असायचा. वर्गाच्या खिडकीतून मला त्याचे पाय दिसायचे. मुली खुसुखुसू हसायच्या. फळ्यावर वाऱ्यांच्या दिशा काढताना माझं लक्ष त्या पायांकडे जायचं, हलतात की नाही ते बघायला. घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोह्याच्या डब्याशेजारी, एक जुना गोळा येऊन बसला. दुकानातलं टेबल रबरी नळ्यांनी भरलं. नेहमीची गिऱ्हाइकं दुपारपर्यंत शटर बंद बघून दुसरीकडे जायला लागली, आणि जी आली त्यांना तो गाडीबद्दल सांगत बसायचा.

गाडी चालू असताना पंपाचा एक टिक असा आवाज यायचा. तेल गळत नसलं तर दोन आवाजांत बरंच अंतर असतं, गळती वाढली की अंतर कमी होतं. तो त्या आवाजाकडे कान लावून गाडी चालवायचा. मी कॉलेजातलं काही सांगत असले तर मध्येच बोट वर करायचा. "एक मिनिट." टिक. मग, "हां, बोल." तोवर माझं सांगणं गेलेलं असायचं.

एकदा सासूबाईंनी त्याला विचारलं, "काहून रे, आज हिची कंबर कशी आहे तुले मालूम आहे का?"

"चांगली आहे," तो म्हणाला. "मागचे गोळे कालच भरले ना."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. त्याला वाटत होतं की गाडी बरी झाली म्हणजे मी बरी झाले. खरं तर माझी कंबर रोज वेगळी असायची. काही दिवशी गाडी लोण्यासारखी चालायची आणि मला बसवत नसायचं. असं सांगितलं की त्याचा चेहरा उतरायचा, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागायला लागला. आधी वळणावर लुकलुकायचा, मग थोडा वेळ लागून राहायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वायर लूज आहे. दिवाच खराब आहे तो. जुन्या गाडीत होते असं."

मी पुन्हा विचारलं नाही. गाडीतलं त्याला कळत होतं, रस्त्यावरचं मला.

त्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो होतो. कॉलेज सोडून थोडंच पुढे आलो असू. समोर कोळशाचा भरलेला ट्रक होता आणि दिवा लागला तो विझेना. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता. "जड झालं," एवढंच म्हणाला. मग मला जाणवलं की आपण खाली चाललोय. ट्रकचं मागचं फळकूट आधी समोर होतं, ते वर सरकायला लागलं. त्यानं ब्रेकवर पाय दिला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दिला, मग सीटवरून उठून सगळा भार टाकून दिला.

"धरून बस," तो ओरडला.

त्यानं गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे रस्त्याच्या खाली घातली. पोट मुरमावर घासलं, दगड उडाले, कापसाच्या शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, जाऊन आम्ही आदळून थांबलो. गाडीला तरंगायला आता तेल उरलं नव्हतं. तो धक्का मला पुरता, आहे तसा, लागला. नंदनवनातल्या त्या दिवसाचीच कळ, त्याच जागेवरून, डोक्यापर्यंत.

मला बसवेना. त्यानं मला उतरवलं आणि मी धुऱ्यावर ओढणी टाकून आडवी झाले. शेतात कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एक कमरेची कापसाची ओटी सांभाळत धावत आली.

"काय झालं वं बाई? लागलं का?"

"कंबर," मी म्हटलं.

तिनं मला पाणी पाजलं, आपल्या डोक्यावरचं फडकं घडी करून कमरेखाली सरकवलं आणि ऊन लागू नये म्हणून माझ्या डोक्याशी उभी राहिली. गाडीखालून तेल वाहत होतं. नवरा गाडीकडे गेला नाही. माझ्याजवळ मातीत बसला. 

"तो दिवा खराब नव्हता," तो म्हणाला.

मी मान त्याच्याकडे वळवली.

"एक पाइप गळून राहिला होता. मले मालूम होतं. दुसरा मिळेपर्यंत चालून जाईन असं वाटलं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू आली नसतीस. घरी बसली असतीस. पुन्हा बिनपगारी, पुन्हा तो पलंग. तुले तसं बघवत नाही मले."

ती बाई परक्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून तोंड फिरवून उभी होती, पण सावली धरून होती. मला एवढा राग आला होता की कळ थोडी मागे गेली. मी म्हटलं, "मी 'ये' म्हटलं की तू न बघता ट्रकच्या पुढे गाडी घालतोस. मी कधी खोटं 'ये' म्हटलं असतं तर?"

 तो रडत होता, आणि त्याला रडताना मी त्याआधी एकदाच, त्याच्या वडिलांच्या वेळी, बघितलं होतं. मला त्याचा हात धरावासा वाटला नाही. आज ते आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा नाही वाटला.

मला खाणीच्या ॲम्ब्युलन्समधून नागपूरला आणलं. पुन्हा तपासण्या झाल्या. नवं काही मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. पण पट्टा परत आला, आणि काही आठवडे पलंगही.

पलंगावर पडून मी एकच विचार करत होते. तो खोटं बोलला होता, पण स्वतःसाठी नाही. हे मला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त भीती वाटत होती. स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणाऱ्याला ओळखता येतं. माझ्या भल्यासाठी बोलणाऱ्याला कसं ओळखायचं? डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या तोंडून कळलं की मी आता फाइल मागून घ्यायची. तो मुकाट्यानं आणून द्यायचा.

आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या बाई सावनेरला राहतात, कॉलेजपासून चालत जाण्यासारखं घर. मला बघायला आल्या तेव्हा सहज बोलल्या, खालची खोली रिकामी आहे. मी त्याच दिवशी ठरवलं. सोमवार ते शनिवार तिथे राहायचं. आठवड्यात जाऊन-येऊन एकच फेरी. ती बसनं, पुढच्या सीटवर, उशी घेऊन, वेळ पडली तर उभ्यानं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नखातलं काळं काढायला लागला. मग म्हणाला, "गाडी दुरुस्त होऊन राहिली. पाइप पूर्ण नवे टाकतो. सगळे."

"गाडीचं नाही म्हणत मी."

"मग माझं म्हणतेस?"

 दारात सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं त्या आता लोक काय म्हणतील ते काढतील. त्या आत आल्या, माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "जा वं तू. मी आहे याच्यापाशी. नोकरी सोडू नको."

मी गेले. पहिले काही आठवडे वाईट गेले. खोलीत एक खाट, एक शेगडी, खिडकीतून खाणीच्या ट्रकांची धूळ. पण सकाळी उठून माझ्या पायांनी कॉलेजात जायचे. आज कंबर कशी आहे हे मी मलाच विचारायचे, आणि जे असेल ते खरं असायचं. दुखत असलं तर दुखतंय म्हणून बसायचे. कोणाचा चेहरा उतरत नव्हता.

पहिल्या शनिवारी तो गाडी घेऊन मला न्यायला आला. नवे पाइप घातले होते, धुऱ्यावर चेपलेला पत्रा ठोकून काढला होता. त्यानं बॉनेट उघडून एकेक दाखवलं, दिव्याची वायरसुद्धा. मी सगळं बघितलं, आणि बसनं गेले. तो बसच्या मागे मागे नागपूरपर्यंत आला. वळणांवर खिडकीतून मला ती राखाडी गाडी दिसत होती, कधी ट्रकच्या मागे अडकलेली. पुढे काय आहे हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. माझ्या तोंडात दोनदा 'थांब' आलं.

याला आता बरेच महिने झाले. तो गाडी विकत नाही. दुकानात गाडीनंच जातो, आईला विहारात नेतो, प्रताप नगरच्या म्हाताऱ्यांना मधूनमधून फिरवून आणतो. दुकान सकाळी उघडायला लागल्यापासून थोडं सावरलंय. मध्यंतरी रायपूरहून जुन्या गाड्यांचा शौकीन एकजण बघायला आला होता. भाव बरा देत होता. त्या रविवारी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "विकू का?"

"तुझी गाडी आहे," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी घेतली होती."

"माहीत आहे मले."

सासूबाईंनी त्याला आणखी वरण वाढलं. रायपूरवाल्याला त्यानं परस्पर नाही म्हणून कळवून टाकलं.

त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललेलो नाही. मी त्याला माफ केलंय का, असं प्रयोगशाळेच्या बाईंनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, माफ करण्यासारखं त्यानं काय केलं तेच मला नीट सांगता येत नाही. तो माझ्यावर जीव टाकतो, हे दिसतं. मी मात्र आजही त्याच्या 'काही नाही, ठीक आहे' या शब्दांवर क्षणभर थांबते, आणि मी थांबले हे त्याला कळतं.

एवढ्यात मी बस स्टँडपर्यंत मात्र त्याच्या गाडीतून जायला लागले आहे. सोमवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना. तो हळू चालवतो, मी उजवीकडे बसते. गाडी अजूनही खड्ड्यांवरून तशीच तरंगत जाते, पाठीला काही कळत नाही. या सोमवारी स्टँडवर पोचलो तरी त्यानं इंजिन बंद केलं नाही.

"सावनेरपर्यंत सोडून देऊ का?"

मी समोर बघितलं. सावनेरची बस लागलेली होती, कंडक्टर खाली उभा राहून हाका मारत होता.

"बस लागली आहे," मी म्हटलं. उशी घेतली आणि उतरले.